सिंहाचे ताट

साठी उलटल्यावर लेखणी हाती घेणाऱ्या बाईने वाचकांची आधी क्षमा मागावी, असे मला मनापासून वाटते. आजवर माझे जे काही लेखन लोकांपुढे आले, ते एका कारखान्याच्या भिंतींवर. ‘यंत्र चालू असताना हात आत घालू नये’, ‘सांडलेले तेल त्वरित पुसावे’, अशा स्वरूपाचे. चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत, प्रशिक्षण विभागात, मी इंग्रजी सूचनांचे मराठी करीत असे. त्या पाट्यांखाली लिहिणाऱ्याचे नाव नसे आणि माझ्यासारख्या बुजऱ्या बाईला ते सोयीचेच होते. या लेखातली वाक्येही पाटीसारखी ताठ उभी राहिलेली दिसली, तर सांभाळून घ्यावे.

आता ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्याकडे वळते. हातात आलेली कोणतीही वस्तू उलटी करून बघायची, ही त्यांची सवय. पेला असो, कुलूप असो, लग्नाची पत्रिका असो. एकदा एका साखरपुड्यात त्यांनी कपबशी अशीच उलटी करून पाहिली. चहा आत आहे याचे भान त्यांना पाहुण्यांच्या धोतराकडे पाहून आले. वस्तू उलटी केली की पुढचा प्रश्न ठरलेला असे: “शिक्का कुनाचा?”

आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू. खरे नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या मुलाने तशी विनंती केली आहे. घराणे चाकणजवळच्या एका खेड्यातले, जमीनदार नव्हे पण जमीनवाले. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली आणि बदल्यात नानांना आमच्या कंपनीत नोकरी मिळाली. तयार गिअर बाहेर पडण्यापूर्वी तपासायचा आणि त्यावर आपल्या क्रमांकाचा शिक्का ठोकायचा, हे त्यांचे काम. गिऱ्हाईकाकडून एखादा गिअर परत आला, तर त्यावरचा क्रमांक पाहून तो कोणी तपासला हे कळत असे आणि त्या माणसाला बोलावणे येई. नानांना याचा अभिमान होता. “आपलं काम आपल्याला हुडकीत येतंय,” ते म्हणत, “त्याच्यापरीस आनखी काय पायजे?”

निवृत्तीनंतर ते काळेवाडीत, स्वतःच्या तीन मजली इमारतीत राहू लागले. वरच्या खोल्या कामगारांना भाड्याने दिलेल्या. पुढे मीही तेथेच दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. त्यामुळे त्यांना मी दोन्हीकडे पाहिले, आणि खरे सांगायचे तर कारखान्यातले नाना आणि जिन्यातले नाना यांच्यात मला काही फरक आढळला नाही. कोणी येऊन सांगावे, “नाना, अमक्याची सून माहेरी निघून गेली म्हणे,” की नाना चष्म्यावरून बघत.

“शिक्का कुनाचा?”

“म्हणजे?”

“बोललं कोन? नाव?”

“असं सगळेच म्हणतात, राव.”

“सगळ्यांचा शिक्का नसतो. जा, चहा घे.”

अशा माणसाने वायफायच्या बाबतीत जो उदारपणा केला, तो त्यांच्या स्वभावाशी कसा जुळला, हे कोडे मला आजही सुटलेले नाही. इमारतीत इंटरनेट आले तेव्हा नानांनी ते नळाच्या पाण्यासारखे मानले. भाडेकरूंना ते भाड्यातच. पासवर्ड जिन्याच्या भिंतीवर, पाणी येण्याच्या वेळांखाली, ऑइलपेंटने रंगवून घेतला. तो पासवर्ड म्हणजे त्यांच्या लहानपणीच्या एका बैलाचे नाव होते. परिणामी काळेवाडीतली कितीतरी तरुण मंडळी, ज्यांनी बैल कधी जवळून पाहिलाही नाही, ती रोज त्याचे नाव टाईप करू लागली. संध्याकाळी आमच्या पायऱ्यांवर शेजारच्या इमारतींमधली माणसे मान खाली घालून बसलेली असत. समोरच्या थांब्यावरचे रिक्षावाले तर रिक्षा आमच्या भिंतीला खेटून उभ्या करीत.

“नाना, हे बरे नाही,” मी एकदा भीत भीत म्हटले.

“बाई, मागितलेल्या पान्याला न्हाई म्हनत नसत्यात,” ते म्हणाले. “आन हे तर सांडत बी न्हाई.”

इमारतीच्या तळमजल्यावर एक खानावळ आहे. ती चालवणाऱ्या बाई लातूरकडच्या. नवरा गेल्यावर एक मुलगी आणि पीठ मळायची एक काटवट घेऊन त्या इकडे आल्या, असे त्या स्वतः हसून सांगतात. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी. कामगार मंडळी त्यांना मावशी म्हणतात. चाकणला कामगार पुरवणारा एक ठेकेदार त्यांच्याकडून रोज डबे नेत असे. मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्या डब्यांवर चालले होते.

एके दिवशी इन्स्टाग्रामवर एक चित्र आले. काळ्या तेलाची कढई आणि तिच्यात मेलेला उंदीर. खाली खानावळीचे नाव आणि दोन ओळी: इथे जेवणाऱ्यांनो, काय तळले जाते ते बघा, आपल्या माणसांना सावध करा. टाकणाऱ्याचे नाव नव्हते. नावाच्या जागी गॉगल घातलेल्या सिंहाचे चित्र होते.

मावशींनी ते पाहिले आणि त्यांचा पहिला शब्द निघाला तो कढईविषयी. “ही माझी न्हाई. माझ्या कढईचा एक कान तुटलाय की.” हे त्यांनी प्रत्येकाला सांगितले, कढई बाहेर आणून दाखवली. पण जे कढई बघायला आले ते जुने जेवणारे होते आणि त्यांनी ते चित्र मुळी खरे मानलेच नव्हते. ज्यांनी मानले ते आले नाहीत. ठेकेदाराने डबे बंद केले. दुपारी बाके रिकामी राहू लागली. मुलीच्या शिक्षणाचे आता कसे होणार, हा प्रश्न मावशी बोलून दाखवीत नसत. पण पीठ मळताना त्यांचे हात मध्येच थांबत.

नानांनी चित्राखालचे मला वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले.

“शिक्का कुनाचा?”

“नाव नाही, नाना. सिंह आहे.”

“सिंहाला तरी आईबाप आसतील,” नाना म्हणाले आणि चपला घालू लागले.

वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने त्यांना परतवायचा प्रयत्न केला. “फेक अकाउंट आहे, नाना. त्यात कोणी सापडत नाही.” नाना मावशींना आणि मला घेऊन पोलिसांच्या सायबर विभागात गेले. तेथील फौजदार बाई वयाने तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी समजावून सांगितले की बदनामीच्या तक्रारीत पोलिसांना परस्पर तपास करता येत नाही, आधी न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळाली, की ते खाते कोणत्या इंटरनेटवरून चालवले गेले हे विचारता येते.

“म्हंजी नंबर असतो?” नानांनी विचारले.

“असतो, काका. माणूस नाव लपवतो, नंबर राहतो. फक्त वेळ लागतो.”

नानांचा चेहरा उजळला. हे त्यांच्या ओळखीचे जग होते. पुढचे कित्येक महिने त्यांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, वकिलाला चहा पाजला, तारखेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. जिन्यात भेटले की मला म्हणत, “बाई, येतंय उत्तर. निघालंय तिकडनं.” जणू ते बैलगाडीने येत होते.

उत्तर आले. फौजदार बाईंनी बोलावले आणि सोबत म्हणून मी गेले. त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

“काका, हे कनेक्शन कुणाचं आहे, वाचा.”

नानांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचले. “नाव बराबर हाय,” ते म्हणाले. “पत्ता बी बराबर हाय.”

कागदावर त्यांचेच नाव होते.

“तुमचं इंटरनेट कोण कोण वापरतं?”

“समदे.”

“समदे म्हणजे घरातले?”

“घरातले. भाडेकरू. शेजारचे. आन खाली रिक्षावाले हायेत, त्ये.”

फौजदार बाईंनी पेन खाली ठेवले. “पासवर्ड नाही ठेवला?”

“हाय की. जिन्यात लिवलाय.”

त्यांना हसू आवरले नाही, आणि मग त्यांनी ते आवरले. “काका, हे तुम्ही लिहिलं नसणार, मला दिसतंय. कायदाही लिहिणाऱ्यालाच धरतो. पण लिहिणारा सापडेपर्यंत या कागदावर नाव तुमचंच. तुम्हाला परत परत बोलवावं लागेल. भाडेकरूंची नावं द्या, मोबाइल तपासू.”

“द्येतो. चार दिस थांबा,” नाना म्हणाले.

आम्ही रिक्षाने परतलो. घरी मुलाने सल्ला दिला, की आता वकील बघतील, तुम्ही कोणाशी काही बोलू नका, गप्प राहा.

“गप राहायला मी काय सिंह हाय?” नाना म्हणाले आणि जिना उतरून थेट खानावळीत गेले.

मी डबा घ्यायला तेथेच उभी होते. मावशी भाकरी थापत होत्या.

“ताई,” नाना म्हणाले, “त्यो सिंह माझ्या घरातनं बोलला.”

मावशींचे हात थांबले. “काय म्हणलालाव, भाऊ? तुमी लिवलाव?”

“न्हाई. पन माझ्याच तारंवरनं गेलंय. पोलिसांनी कागूद दावला.”

मावशींनी भाकरी उलटली. ती फुगल्यावर टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, “जेवायचं असलं तर जेवा. न्हाईतर जावा.”

नानांना मी कारखान्यात साहेबांचे शब्द ऐकताना पाहिले आहे. त्यांच्या कपाळाला आठीही पडत नसे. त्या दिवशी मात्र ते बाकावर बसले, आणि एवढ्या मोठ्या अंगाचा माणूस बाकाच्या एका कोपऱ्यात मावला. जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे भाकरीची स्तुती करायलाही ते विसरले.

भाडेकरूंची नावे त्यांनी दिली असती तर प्रकरण पोलिसांचे झाले असते. नानांनी मागून घेतलेल्या त्या चार दिवसांत वेगळेच काही केले. कारखान्यात, खराब माल कोणाच्या हातून गेला हे विचारताना आरडाओरडा केला तर माणूस आणखी लपतो, हे त्यांनी पाहिलेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते जेवणाच्या ऐन वेळी खानावळीत आले, मधल्या बाकावर बसले आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ताई, दोन ताटं.”

“दुसरं कुनाला?”

“सिंहाला.”

मावशींनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. मग दुसरे ताट वाढले. नानांनी ते समोरच्या रिकाम्या जागेपुढे ठेवले, पेला भरला, आणि स्वतः जेवू लागले. जो विचारी त्याला ते सांगत: सिंह आपल्याच इमारतीतला आहे, चित्र माझ्या तारेवरून गेले आहे, सिंहाने येऊन समोर बसावे, जेवावे आणि नाव सांगावे, मी वाट बघतो. सिंह न आल्यास त्या ताटातले जेवण नाना शेवटी बांधून घरी नेत, कारण अन्न टाकणे त्यांना सोसत नसे.

ही बातमीही चित्राइतक्याच वेगाने पसरली. सिंहाचे ताट बघायला माणसे येऊ लागली आणि आली तशी, संकोचाने का होईना, जेवून जाऊ लागली.

“नाना, सिंह शाकाहारी आहे का, राव?” एकाने विचारले.

“भ्याला की समदे शाकाहारी व्हत्यात,” नाना म्हणाले.

“आणि आलाच नाही तर?”

“मग माझं वजन वाढंल. दुसरं काय.”

मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी, पहिली शिफ्ट करून आलेला एक भाडेकरू आत आला. माझ्याच मजल्यावरचा, तिशीतला, प्रेस मशीनवर काम करणारा, येता-जाता मला हात जोडणारा. तो त्या ताटासमोर बसला. आधी सर्वांना वाटले की चुकून बसला.

“अरे भावा, ती सिंहाची जागा आहे,” कोणीतरी हसून म्हणाले.

“माहितीये,” तो म्हणाला. मग नानांना म्हणाला, “नाना, मी.”

नानांनी त्याच्याकडे पाहिले, ताट त्याच्याकडे सरकवले आणि रोजच्या सवयीने विचारले, “हात धुतलं का?”

त्या प्रश्नासरशी त्याचा चेहरा असा काही बदलला, की मी डबा खाली ठेवला.

“हेच,” तो म्हणाला. “मावशी हेच बोलल्या होत्या. सगळ्यांसमोर.”

“म्या? कवा?” मावशी चुलीपासून म्हणाल्या. त्यांना खरोखरच आठवत नव्हते.

त्याने सांगितले. लग्न ठरायचे होते. मुलीचा भाऊ त्याला बघायला म्हणून आला होता आणि त्याने पाहुण्याला मोठ्या कौतुकाने येथे जेवायला आणले होते. मावशी म्हणाल्या, काळे हात घेऊन भाकरीला शिवू नको, आधी धुऊन ये. हात तो धुऊनच आला होता. मशीनचे तेल नखांत बसते, ते आठवडाभर साबण लावला तरी जात नाही. पाहुणा काही बोलला नाही, पण पुढे तिकडून निरोपही आला नाही. त्या रागात खोलीवर जाऊन त्याने कुठलेसे चित्र शोधले, सिंहाच्या नावाने खाते उघडले आणि टाकले. नावच नसल्यावर कोण विचारणार, असे त्याला वाटले होते. दुसऱ्या दिवशी पुसावे म्हणून त्याने ते उघडले, तोपर्यंत ते कुठल्या कुठे गेले होते.

मावशी पुढे आल्या. त्यांनी त्याचे हात बघितले, दोन्ही बाजूंनी. “मंग मला तोंडावर बोलायचं व्हतंस की रे,” त्या म्हणाल्या. “भांडायचं. म्या ऐकलं असतं.”

“तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, मावशी.”

“जेव,” नाना म्हणाले. “मग जाऊ.”

“कुठं?”

“उद्या सकाळी फौजदार बाईंकडं. तितं माझं नाव लागलंय. त्ये काढून तुजं लावायचंय.”

तो जेवला. हळूहळू जेवला, पण ताट स्वच्छ केले.

पुढचे कायद्याप्रमाणे झाले. त्याने जबाब दिला, स्वतःचा चेहरा दाखवून आणि नाव सांगून ते चित्र खोटे असल्याचा व्हिडिओ केला, न्यायालयासमोर माफी मागितली. तक्रार पुढे चालवायची की नाही, हे मावशींना विचारण्यात आले. “त्येला आत घालून माझ्या भाकरी खपणार हैत का?” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माफी स्वीकारली. नानांचे नाव कागदावरून उतरले. त्यांच्या मुलाने पेढे आणले.

नानांनी पेढा हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि खाल्ला नाही. व्हिडिओ फारच थोड्यांनी पाहिला होता. उंदीर मात्र अजून फिरत होता. ठेकेदार परत आला नव्हता.

“बाई,” ते मला म्हणाले, “खराब माल बाजारात गेला, तर कंपनी नुस्तं चुकलं म्हनायची का? माल माघारी आनायची. एकेक नग.”

“नाना, हा माल कसा माघारी आणणार?”

“इचारत इचारत.”

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते दोघे निघत: पुढे नाना, मागे तो. औषधाच्या दुकानात, सलूनमध्ये, व्यायामशाळेत. तो म्हणे, चित्र मी टाकले होते, ते खोटे आहे, हे माझे नाव. मग नाना विचारीत, “तुमी म्होरं कुनाला धाडलं व्हतं?” माणसे गोंधळत. काही चिडत, आम्ही काय गुन्हा केला म्हणून. पण बरेच जण फोन काढून, खाली मान घालून शोधत, आणि जेथे चित्र धाडले होते तेथे व्हिडिओ धाडत. मग नाना पुढच्या माणसाचा पत्ता घेत. असे ते काळेवाडीतून निगडीला गेले, निगडीहून चाकणला, त्या ठेकेदाराच्या दारात. त्याने निम्मे डबे पुन्हा सुरू केले. राजगुरुनगरच्या एका शिक्षिकेने ते चित्र आपल्या साऱ्या माहेराला पाठवले होते. तिने दोघांना पोहे खाऊ घातले आणि एकेका भावाला फोन लावून दिला. नाना परत आले ते एखादे लग्न जमवून आल्यासारखे खूश होऊन.

ते काम पुरे झाले नाही. गेल्या हिवाळ्यात छातीत दुखण्याचे निमित्त झाले आणि नाना दवाखान्यातून घरी आलेच नाहीत. तो तरुण काही महिने एकटा जात राहिला. मग त्याची नोकरी बदलली आणि तो लांब राहायला गेला. मावशींची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. बाके भरतात, पण पूर्वीसारखी नाही. नवे कोणी दारात येऊन फोनकडे बघते आणि पुढे निघून जाते, तेव्हा मावशींना कारण कळते.

परवा ते चित्र माझ्याच फोनवर आले. साताऱ्याच्या माझ्या मावसबहिणीने काळजीपोटी पाठवले होते, की तू त्याच भागात राहतेस, जपून राहा. मला फोनवर बोलायला आवडत नाही. तरी मी तिला फोन केला, सारी हकीकत सांगितली आणि विचारले की तुला हे कोणी पाठवले आणि तू पुढे कोणाला दिलेस. तिने चार नावे सांगितली. त्यांतल्या तिघांशी बोलून झाले आहे. चौथे फोन उचलत नाहीत.

माझ्या एकटीच्या फोनने हे व्हायचे नाही, म्हणून शेवटी हा लेख लिहिला आणि त्याखाली माझे नाव घालायला संपादकांना सांगितले आहे. वाचकहो, काळ्या तेलाच्या कढईतल्या उंदराचे ते चित्र कदाचित तुमच्याकडेही आले असेल. तुम्ही ते पुढे कोणाला पाठवले होते?